डावा दोर, हिरवा खण

६ जानेवारी, शनि.

पिरंगुटला ट्रक आडवा. मुळशीला पोचेस्तोवर ऊन डोक्यावर. टिटवी, आमची शिडाची होडी, जागेवर होती, काठाला बांधलेली, डोलकाठी उभी. ताडपत्री एका बाजूने उडालेली आणि आत बेडूक.

काठीला दोन बाजूंनी धरून ठेवणारे दोर तपासले. उजवा ठीक. डाव्याला खांद्याच्या उंचीवर लव आलीय. बोटभर पट्टा, बारीक पांढरे केस. वारा मागून घेतला की शीड नेमकं तिथे टेकतं आणि घासत राहतं. श्री म्हणाला, तार असती तर घासली नसती. हे वाक्य नवरोबा दिवाळीपासून जपून होते. स्टीलची तार काढून सिंथेटिक दोर लावायचा हट्ट माझा. हलका, गंजत नाही, टोकं घरी गच्चीत बसून विणता येतात. हे सगळं खरं आहे. काचतो हेही खरं.

थोडी लव चालते, असं वाचलंय. थोडी म्हणजे किती ते कुणी लिहीत नाही.

७ जाने., रवि.

सुदामभाऊंकडे चहा. खोली त्यांची, काठ त्यांचा, आम्ही शनिवार-रविवारची पाखरं. रिसॉर्टवाला एक माणूस काठाची पट्टी मागतोय. भाऊंचं मन झालंय. कुसुमवहिनी चुलीपाशी, पाठ आमच्याकडे. भाकरी जरा जास्तच जोरात थापत होत्या.

मग त्यांनीच विषय काढला. जाखमातेचं मूळ ठाणं धरणाच्या पाण्यात आहे. देवी वर आणून बसवली, पण ठाणं ते ठाणं. माघी पौर्णिमेला घरच्या सुनेने होडीतून जाऊन ठाण्यावर ओटी सोडायची, ती ह्याच काठावरून. जुनी होडी कुजली. गेली दोन वर्षं ओटी काठावरूनच सोडली. इंजिनाची बोट मिळते, पण आईच्या डोईवरून इंजिन न्यायचं नाही. भाऊ म्हणाले, मोडलंय ते मोडलंय, आता काठ धरून काय करायचं.

वहिनी वळल्या. "ताई, तुमची होडी वाऱ्यानं जाती न्हवं?"

मी हो म्हटलं. श्रीने माझ्याकडे बघितलं.

भाऊंनी बशीकडे बघत सांगितलं, "जाऊंद्या. धड जाऊन धड आली, तर औंदा इकायचं नाव काडनार न्हाई. पर कायबी इपरीत झालं, तर आईलाच नको हाय आसं धरनार म्या."

म्हणजे आता काठ डाव्या दोरावर आहे. आणि डावा दोर माझ्यावर.

१४ जाने., रवि.

संक्रांत उद्या. वहिनींनी आजच तिळगूळ दिला.

नवा दोर मागवला. दुकानदार म्हणतो मार्चशिवाय नाही. जुनी तार परत लावता येईल का? नाही. तिचे तुकडे करून मीच वहिनींना दिले होते, त्यांच्या अंगणात त्यावर गोधड्या वाळतात. तेव्हा तात्पुरतं घासण्याच्या जागी काहीतरी घालायचं. दोर झिजण्याऐवजी ते झिजेल.

सायकलची ट्यूब उभी चिरून गुंडाळली, वरून सुतळी. घट्ट बसली. श्री म्हणाला, पोटरीला बँडेज. आजकाल खूश आहे तो.

२१ जाने., रवि.

ट्यूब काढली. आत काठावरची माती गेलेली, ओली, बारीक रेतीसकट. ट्यूबने ती आत धरून ठेवली आणि दोर हलेल तशी ती फिरत राहिली. बाहेरून शीड घासत होतं त्यापेक्षा आतून जास्त घासलंय. लव वाढली.

ऑफिसात टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढली. उपायाची पण चाचणी करायची असते, हे मी नव्या पोरांना सांगते. चिडले स्वतःवर.

२८ जाने., रवि.

पौडच्या चप्पलवाल्याकडून मऊ चामड्याचा तुकडा आणला. दोराभोवती गुंडाळून बारीक टाके घातले. जुन्या बोटींवर हेच करत. सुंदर दिसतं. बोट फिरवत बसले त्याच्यावरून. परभणीची मी, आमच्याकडे टँकर आला की वर्गातून सोडायचे, पोहायला तिशीत शिकले. आणि आता बोटीच्या दोराला चामडं शिवतेय. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर, डोक्याला रुमाल बांध.

३ फेब्रु., शनि.

चामडं गेलं.

सुदामभाऊ काठावर आले, बघितलं, विचारलं हे कशाचं. मी अभिमानाने सांगितलं. "मॅडम, चामडं न्हाई चालायचं आईच्या डोईवर." मी म्हटलं, उत्सवात ढोल वाजतो तो कशाचा असतो? भाऊ म्हणाले, ढोल काठावर वाजतो.

टाके उसवले. श्रीने कमरेचा पट्टा मुकाट काढून गाडीत ठेवला, पौर्णिमेची रंगीत तालीम म्हणे. दिवसभर एका हाताने पँट धरून.

११ फेब्रु., रवि.

सोसायटीने आग विझवायच्या पाण्याचे जुने पाइप टाकून दिलेत, कापडी, आतून रबर. वॉचमनकडून एक घेतला. हातभर तुकडा चिरून दोरावर चढवला, वर-खाली नाड्या. हा चांगला आहे. जाड, गुळगुळीत, आणि मुख्य म्हणजे काढता येतो. दर वेळी काढायचा, धुवायचा, दोर बघायचा, परत घालायचा. आज तीनदा केलं. लव आहे तेवढीच.

वहिनी कपडे धुता धुता बघत होत्या.

१८ फेब्रु., रवि.

तेच. काढला, धुतला, दोरावरून बोटं फिरवली, घातला. लव तेवढीच. पाइप जिंकला असं म्हणायला हरकत नाही. श्रीला म्हटलं तर म्हणाला, शनिवारी वहिनी बसल्यावर म्हण.

वहिनींना पोहता येत नाही. पाण्यात घोट्यापलीकडे कधी गेलेल्या नाहीत, होडीतून ओटी सोडायला तेवढं.

२३ फेब्रु., शुक्र.

रजा टाकून आलो. उद्या पौर्णिमा.

हे नीट लिहून ठेवते.

दुपारी पाइप काढून नळावर धूत होते. परत आले तर वहिनी होडीपाशी, हातात हळदीकुंकवाचं ताट. टिटवीच्या नाकाला कुंकू, काठीला कुंकू. आणि डाव्या दोराला, बरोब्बर लव आलीय त्या जागी, उघड्या दोरावर, हिरवा खण. चार वेढे, वरून लाल नाड्याच्या गाठी. घट्ट. कपडे बांधायची गाठ नव्हे, गुरं बांधायची.

मी हातात पाइप घेऊन उभी. हीच जागा का, विचारलं. वहिनी म्हणाल्या, तुम्ही आलात की इथेच हात लावता, धुता, पुसता, गुंडाळता. आम्हाला कळलं, होडीचं देवपण इथं आहे.

दीड महिना मी दोर तपासत होते आणि ती बाई माझी पूजा बघत होती. हसू आलं नाही. यायला हवं होतं.

जरा सोडून बघू का, म्हटलं, दोर खराब आहे तिथे, बघायला लागतो. त्यांचा चेहरा पडला. "सोडायचा नसतो ताई. आपसूक पडंल तवा पडंल. आपन सोडला म्हंजी आपनच नको म्हनलं."

संध्याकाळी श्री म्हणाला, कापू, बघू, तसाच परत बांधू, कुणाला कळतंय. मी म्हटलं, काप. तो चाकू घेऊन गेला. जाऊन आला. चहा मागितला. चाकू मिटलेलाच होता.

शीड वर चढवायची एक जादा दोरी काठीच्या टोकावरून मोकळी लोंबते. ती खाली आणून डाव्या बाजूच्या कडीतच ताणून बांधली, खणाच्या शेजारून. खणातला दोर तुटला तर ही धरेल. बहुतेक. ही दोरी ताणली जाते, तो दोर ताणला जात नाही, दोघांचं जमतं का ते माहीत नाही. चाचणीला वेळ नाही.

२४ फेब्रु., शनि. माघी पौर्णिमा

सकाळभर पाणी आरशासारखं. ओटी उन्हं कलल्यावरच सोडायची, आणि उन्हं कलली की घाटाकडून वारा सुटतो. सुटला.

गावातली पाचपन्नास माणसं काठावर. भाऊ जरा लांब, फोन कानाला. होडीत मी सुकाणूवर, पुढे श्री, मध्ये वहिनी. नऊवारीवर लाइफ जॅकेट, त्यावर पदर. जॅकेटचा पट्टा चामड्याचा नाही ना, हे वहिनींनी दोनदा विचारून घेतलं. श्रीने पँटला उरलेला सिंथेटिक दोर बांधलेला. चपला काठावर.

जाताना वारा मागून. शीड पूर्ण उघडलं, डावीकडे गेलं आणि खणावर टेकलं. जानेवारीपासून हे होऊ नये म्हणून सगळं केलं होतं. कापडावर कापड घासल्याचा आवाज. मी ठाण्याकडे कमी आणि खणाकडे जास्त बघत होते. वहिनींनी ते बघितलं आणि हात जोडले. मीही जोडले, एका हाताने जमेल तेवढे.

जोडदोरीला हात लावून विचारलं त्यांनी, ही कशाला. म्हटलं, जोडीला. एकट्याने कशाला धरायचं. त्यांना पटलं.

ठाणं पाण्यात दिसत नाही. काठावरचा वड आणि पलीकडच्या डोंगराची खाच एका रेषेत आली की तिथे. सासूने त्यांना दाखवलेलं. "आजून. आजून. हां, हितं." शीड सैल सोडलं. वहिनींनी ओटी सोडली. नारळ तरंगत राहिला, ओटीतला खण तांदळासकट सावकाश खाली गेला. वहिनी रडल्या नाहीत. सुनेची ओटी आई घेती, म्हणाल्या, दोन वर्षं काठावर टाकत होते ते चिखलात पडत होतं.

परत येणं वाऱ्याविरुद्ध. नागमोडी यावं लागतं. वारा उजवीकडून घेतला की भार उजव्या दोरावर, डावीकडून घेतला की डाव्यावर. मी उजव्यावरचे पल्ले लांब घेतले आणि डाव्यावरचे आखूड. श्रीला कळलं. काठ जवळ आल्यावर शेवटचा पल्ला डाव्यावरचा, टाळता येण्यासारखा नव्हता. मध्येच झोत आला. होडी कलली, वहिनींनी काठी धरली, खणाच्या आतून टक् असा आवाज. एकच.

काठी उभी राहिली. काठावर ढोल वाजत होता, त्यामुळे तो आवाज कुणी ऐकला नाही.

भाऊंनी नारळ फोडला. फोन खिशात होता. एवढंच म्हणाले, "आली का धड." वहिनींनी मान डोलावली, आणि काठाचा विषय ह्या वर्षापुरता संपला.

२५ फेब्रु., रवि.

टक् कसला होता? शक्यता: एक, दोराचा पेड गेला. दोन, खणाची गाठ बसली. तीन, जोडदोरी कडीत सरकली. तपासायला खण सोडावा लागेल.

न तपासताच निघालो.

१० मार्च, रवि.

नवा दोर आला. दोन्ही टोकं विणून तयार, दोन संध्याकाळी गेल्या. पिशवीत घालून आणलाय. लावायचा तर जुना काढायचा, जुन्यावर खण. पिशवी तशीच परत.

वहिनी रोज सकाळी होडीपाशी येऊन खणाला हात लावून जातात. भाऊंनी सांगितलं. तक्रार नव्हती, सांगितलं फक्त.

हलक्या वाऱ्यातच जातो. जोडदोरी कायमची बांधलेली. श्रीला शीड पूर्ण उघडायचं असतं, मी नाही म्हणते. ह्यावरून भांडण, मोठं नाही.

७ एप्रिल, रवि.

पाणी लांब गेलंय. टिटवी दर आठवड्याला चिखलातून खाली ओढावी लागते. लवळ्याच्या कॉलेजातली पोरं फोटो काढायला आली होती, एकाने खणाला हात लावून हे कशासाठी विचारलं. मी सांगितलं, घासू नये म्हणून. खोटं नाही.

खणाचा हिरवा उतरून पोपटी झालाय. शीड टेकतं तिथे कापड विरलंय.

५ मे, रवि.

खणाचा वरचा वेढा फाटला. आतला दुसरा वेढा दिसतो. दोर अजून दिसत नाही. डोळा लावून बघितलं, बोट घालून बघितलं, जात नाही. कापड झिजतंय म्हणजे दोर झिजत नाहीये, हा तर्क बरोबर आहे. आधी किती झिजला होता, हे मात्र त्यातून निघत नाही.

१८ मे, शनि.

खण पडला.

पोचलो तेव्हा होडीच्या तळाशी, बेडकाशेजारी. घासून घासून नाड्याच्या गाठीशी तुटलेला. मी आधी दोर बघितला. खणाखालचा भाग: लव तेवढीच. फेब्रुवारीत सोडली होती तशीच, एक केस जास्त नाही. मग तो टक् गाठीचा असणार. किंवा जोडदोरीचा. पण खण जिथे संपत होता तिथे, वीतभर वर, नवा पट्टा. खणाच्या काठाने काचलेला. लव कोवळी आहे, पण आहे. पाइप असता तरी त्याच्या काठाशी हेच झालं असतं. घासायची जागा वर सरकली, एवढंच.

तरी मला फार बरं वाटलं. इतकं वाटेल असं वाटलं नव्हतं. श्रीला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, तारेला हे झालं नसतं, पण हसत म्हणाला.

भाऊंना सांगावं लागलं. ते म्हणाले, "पडला न्हवं आपसूक? मंग आईनं मोकळं केलं म्हनायचं." संध्याकाळी रिसॉर्टवाला येतोय, पाणी उतरलंय तेव्हा पट्टी पूर्ण दिसेल. फोन त्यांनी लगेच केला. खण उद्यापर्यंत लपवून ठेवायला हवा होता, असं मला तेव्हा वाटलं. आत्ताही वाटतंय.

नवा दोर पिशवीत होता. मोकळा दोर, आज बदलता आला असता. काठी उतरवून दोन-तीन तासांचं काम. श्री पाने-पक्कड काढायला गाडीकडे गेला.

तेवढ्यात वहिनी आल्या. हातात नवा खण, हिरवाच, आणि नाडा. चालत नव्हे, जवळजवळ पळत. नवऱ्याचा फोन त्यांनी ऐकला असणार. मला म्हणाल्या, पावनं यायच्या आत बांधायचा.

मी पिशवीकडे बघितलं. दोर बदलून मग बांधा, असं सांगता आलं असतं. पण काठी आडवी, दोर जमिनीवर, असं त्या माणसाने बघायचं आणि भाऊंनी त्याला सांगायचं की मोकळं झालंय. नको.

"कुटं बांधू?" वहिनींनी विचारलं. ह्या वेळी विचारलं.

मी नव्या लवेवर बोट ठेवलं.

त्यांनी वेढे घातले, गाठी मारल्या. श्री पाने घेऊन परत आला आणि उभा राहिला. मग पाने परत ठेवायला गेला. गाडी आली, माणूस उतरला, बूट चिखलात. भाऊंनी होडीकडे बघितलं, खणाकडे, मग बायकोकडे. बराच वेळ बायकोकडे. मग त्या माणसाला म्हणाले, आता नको, पावसाळ्यानंतर बघू. बघू म्हणाले, नाही म्हणाले नाहीत.

माणूस गेल्यावर मी वहिनींना म्हटलं, मला दोर बघावा लागतो, पूजा नव्हे ती, खरंच बघावा लागतो. त्यांनी माझा हात धरून खणावर ठेवला.

"ठावं हाय. म्हनून ढिला बांधलाय. बोट घाला, जातंय."

१९ मे, रवि.

सकाळी काठावर. वहिनी येऊन, हात लावून गेल्या. मीही लावला.

खणाखाली बोट जातं. घातलं, आणि लवेला लागायच्या आत, अर्ध्यावर थांबले. नवा दोर पिशवीतच आहे. वारा नव्हता, गेलो नाही.